पागेपासून रानापर्यंत : धावत्या प्राण्यांच्या स्नायुविकारांचा आढावा

प्रश्नाची व्याप्ती

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांच्या संदर्भात घोड्यांच्या स्नायुविकारांचा विचार करावयाचा म्हटले, तर विषय आणि प्रदेश यांचा मेळ बसत नाही असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. कारण येथे शर्यतीच्या पागा नाहीत, लष्कराचे तबेले नाहीत, आणि वरातीच्या घोड्याखेरीज अश्वजातीचे दर्शनही क्वचितच घडते. परंतु ज्या विकारात श्रमाच्या ओघात स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतील रक्तवर्णी द्रव्य मूत्रपिंडात उतरते, लघवी काळ्या चहासारखी होते आणि जनावर जागच्या जागी जखडून पडते, तो घोड्याच्या पागेत पिढ्यान्‌पिढ्या परिचित असलेला विकार जवळजवळ त्याच खुणांनिशी या दोन जिल्ह्यांच्या रानांत चितळ, सांबर आणि रोही यांना होतो. आणि मन खिन्न करणारी गोष्ट ही की, माणसाने त्यांना वाचविण्यासाठी हात घातल्यानंतरच तो पुष्कळदा उद्भवतो.

पशुवैद्यकात या वन्य रूपाला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. आपण त्याला धरपकडीचा स्नायुविकार म्हणू. घोड्याविषयी जे ज्ञान शंभर वर्षांत साचले, त्यातील किती भाग रानातल्या खुरधारी प्राण्यांना लागू पडतो, कारणांविषयी कोणकोणती मते प्रचलित आहेत, आणि प्रत्यक्ष बचावकार्यात कोठे एकवाक्यता व कोठे मतभेद आहे, याचा परामर्श घेणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पागेतील पूर्वपीठिका

अश्वचिकित्सा ही आपल्या देशात फार जुनी आणि स्वतंत्र शास्त्रशाखा आहे. शालिहोत्राच्या नावावर मोडणारी संहिता, जयदत्ताचे ‘अश्ववैद्यक’ आणि नकुलाच्या नावाने चालत आलेले अश्वशास्त्र हे ग्रंथ तिची साक्ष देतात. आणि पुढे मराठेशाहीच्या पागांतून सलोत्री, नालबंद व मोतद्दार या मंडळींनी चंदी, खरारा आणि रपेट यांचा शिरस्ता सांभाळला. मुंबईत परळ येथे १८८६ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले त्या काळी शहराची ट्रामदेखील घोडेच ओढीत असत, आणि उन्हाळ्यात त्या घोड्यांच्या डोक्यांवर उन्हापासून बचाव करणाऱ्या टोप्या घालण्याची तजवीज होती. श्रम आणि उष्मा यांची सांगड जनावराला घातक ठरते, हे प्रयोगशाळेच्या आधी तबेल्याने ओळखले होते.

युरोपातील जड ओझ्याच्या घोड्यांत दिसणारा ‘सोमवारचा आजार’ हा या सर्व चर्चेचा आरंभबिंदू होय. रविवारी घोड्याला विश्रांती मिळे, परंतु तोबऱ्यातील दाणा नेहमीइतकाच राही. सोमवारी गाडीला जुंपल्यावर तासाभराच्या आत मागचे पुठ्ठे दगडासारखे कठीण होत, अंगाला घाम फुटे, पाऊल उचलवत नसे, आणि लघवी काळपट तांबडी होई. स्वीडनमधील कार्लस्ट्रॉम यांनी १९३० च्या दशकात याची जी उपपत्ती मांडली ती सरळ व आकर्षक होती : विश्रांतीच्या दिवशी स्नायूंत ग्लायकोजेनचा साठा वाढतो, श्रमाबरोबर त्याचे लॅक्टिक आम्ल बनते, आणि त्या आम्लाने स्नायुतंतू जळतात. अर्धशतकभर पाठ्यपुस्तकांनी तीच शिकविली. पुढे प्रत्यक्ष रक्तपरीक्षा होऊ लागल्या तेव्हा आढळले की, जखडलेल्या पुष्कळ घोड्यांच्या रक्तात आम्लता वाढलेलीच नसते, आणि ज्या संथ चालीत लॅक्टिक आम्ल जेमतेम निर्माण होते त्या चालीतही झटका येतो. उपपत्ती मागे पडली. ही घटना ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण रानातील प्राण्यांच्या बाबतीत तिचीच एक आवृत्ती अद्याप जिवंत आहे.

त्यानंतरच्या संशोधनाने एका नावाखाली अनेक आजार दडलेले असल्याचे दाखवून दिले. अमेरिकेतील स्टेफनी वाल्बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली क्वार्टर जातीच्या घोड्यांत स्नायूंमध्ये विकृत शर्करा साचण्याचा विकार वर्णिला, आणि २००८ साली त्यामागचा ग्लायकोजेन-निर्मितीच्या जनुकातील दोष निश्चित झाला. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांपैकी सुमारे ५ टक्के घोड्यांना वारंवार होणारा विकार मात्र निराळा. त्यात पेशीच्या आतील कॅल्शियमची ये-जा बिघडते, आणि तरुण, भित्र्या, चंचल घोड्यांत, विशेषतः नरांपेक्षा माद्यांत, तो अधिक आढळतो. म्हणजे एकात दोष इंधनाच्या कोठारात, तर दुसऱ्यात आकुंचनाच्या यंत्रणेत. याखेरीज पिलांना सेलेनियम आणि ई जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा पांढऱ्या स्नायूंचा रोग आहे. कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यात मिसळले जाणारे मोनेन्सिन चुकून घोड्याच्या पोटात गेल्यास होणारा जीवघेणा स्नायुनाश आहे. आणि युरोप-अमेरिकेतील मेपल जातीच्या काही झाडांच्या बिया खाण्यात आल्याने होणारा विषप्रकोपही आहे. जनुकीय चाचण्यांविषयी अजून वाद आहे : शर्करासंचयाच्या दुसऱ्या प्रकारासाठी बाजारात विकल्या जाणाऱ्या चाचण्यांचा स्नायूच्या प्रत्यक्ष तपासणीशी मेळ बसत नाही, असा निष्कर्ष २०२१ साली वाल्बर्ग यांच्या गटाने प्रसिद्ध केला, तरी घोडेमालकांत त्या चाचण्यांचा वापर थांबलेला नाही.

निदान आणि शुश्रूषा यांबाबत मात्र बरीच एकवाक्यता आहे. क्रिएटिन कायनेज हे विकर स्नायू फुटल्यापासून चार ते सहा तासांत रक्तात शिगेला पोहोचते व लवकर उतरते; एएसटी हे दुसरे विकर दिवसभरात चढते आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळते; सबब दोन्हींची तुलना केली असता दुखापत आजची की गेल्या आठवड्याची हे सांगता येते. झटका आला की घोड्याला जेथल्या तेथे उभा करावा, बळेच चालवू नये, पाणी व क्षार द्यावेत, मूत्रपिंडे सांभाळावीत. बरे वाटल्यावर स्टार्च कमी, स्निग्धांश अधिक असा आहार आणि एकही दिवस न चुकविता नियमित फेरफटका, हा आजचा मान्य उपचारक्रम आहे.

पूर्व विदर्भापुरती येथे एक पुस्ती जोडली पाहिजे. धान उभे असतानाच त्याच्या ओलीवर शेतात लाखोळी फेकून पेरण्याची रीत या भागात जुनी आहे. लाखोळीच्या दाण्यातील विषद्रव्य दीर्घकाळ पोटात गेले तर मागचा भाग लुळा पडतो, हे माणसांत जसे ठाऊक आहे तसे घोड्यांतही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून गेलेला हा दाणा खाऊन इंग्लंडातील घोडे लंगडे झाल्याच्या नोंदी आहेत. परंतु ती इजा मज्जातंतूंची, स्नायूंची नव्हे. लघवीचा रंग स्वच्छ आणि क्रिएटिन कायनेज जवळपास नेहमीइतके असेल, तर मागील पायांतील दुर्बलतेचे मूळ स्नायूंत शोधण्यात अर्थ नाही.

रानातील शोध

वन्य प्राण्यांतील या विकाराचे पहिले रीतसर वर्णन १९६४ साली जॅरेट, जेनिंग्ज, मरे आणि हार्थूर्न यांनी केले. केनियातील हिरोला हे दुर्मीळ हरिण दुसऱ्या ठिकाणी नेऊन वसविण्याच्या उद्योगात धरलेल्या प्राण्यांचे स्नायू त्यांनी तपासले, तेव्हा त्यांत फिकट, मासळीच्या मांसासारखे पट्टे आढळले. हार्थूर्न हे भूल देणाऱ्या बाणांच्या तंत्राचे आद्य प्रवर्तक, आणि ज्यांना धरले ते नंतर का मरतात हा प्रश्न त्यांच्या कामाच्या मुळाशीच येऊन ठेपला होता. १९७४ साली त्यांनी यंग यांच्यासह झेब्र्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. झेब्रा हा घोड्याचाच सगोत्र असल्यामुळे पागेतील विद्या आणि रानातील विद्या या टप्प्यावर प्रथमच समोरासमोर आल्या. आणि योगायोग असा की घोड्यांच्या बाबतीत डळमळीत होऊ घातलेली आम्लाची उपपत्ती झेब्र्यांत बळकट ठरताना दिसली. दीर्घ पाठलागानंतर त्यांच्या रक्तातील आम्लता विलक्षण वाढलेली होती, आणि तिचा मृत्यूशी संबंध होता.

अमेरिकेतील टेरी स्प्रेकर यांनी पुढे या विकाराची चार रूपे वेगळी केली, आणि १९९३ सालच्या त्यांच्या मांडणीचा आधार आजही क्षेत्रीय पशुवैद्य घेतात. पहिल्या रूपात प्राणी धरताधरता किंवा काही तासांतच मरतो. शवचिकित्सेत डोळ्यांना फारसे काही दिसत नाही. दुसरे रूप सर्वांत अधिक आढळणारे : काही तास ते काही दिवसांच्या अवधीत चाल लटपटते, मान वळते, लघवी काळवंडते, आणि मूत्रपिंडे निकामी होतात. तिसऱ्यात प्राणी तग धरतो, परंतु एक-दोन दिवसांनी मागच्या पायाचा मोठा स्नायू तुटतो आणि गुडघ्याखालचा भाग जमिनीकडे झुकून तो खुरडत चालू लागतो. चौथे रूप सर्वांत फसवे आहे. येथे प्राणी वरकरणी पूर्ण बरा दिसतो, चरतो, रवंथही करतो. परंतु एक-दोन दिवसांनी पुन्हा दचकविला, पिंजऱ्यातून हलविला किंवा सोडण्यासाठी हाकलला, की चार पावले धावून कोसळतो. ज्यांनी दोन दिवस त्याची शुश्रूषा केली त्यांना हा मृत्यू अकस्मात वाटतो; वस्तुतः त्याचे बीज पहिल्याच दिवशी पडलेले असते.

कारणांविषयीची मते

आजच्या वाङ्मयात चार प्रमुख मते आढळतात, आणि त्यांपैकी एकही सर्वस्वी त्याज्य ठरलेले नाही.

आम्लवादी मताचा आधार वर आलाच आहे. स्नायूंना रक्त अपुरे पडले की ते प्राणवायूविना काम करतात, आम्ल साचते, पेशीचे आवरण ढासळते आणि तिच्यातील पोटॅशियम रक्तात उतरून हृदयाचा ठोका चुकवते, अशी ही साखळी आहे. दीर्घ पाठलागाच्या उदाहरणांना ती चपखल लागू पडते. परंतु फारसे न धावता मेलेल्या प्राण्यांचे काय, याचे उत्तर तिच्याजवळ अपुरे आहे.

उष्णतावादी मत सांगते की, मुख्य शत्रू तापलेले शरीर हाच आहे. या मताला दक्षिण आफ्रिकेतून एक महत्त्वाची पुरवणी मिळाली : इंपाला हरिणांवरील २००८ सालच्या अभ्यासात मेयर व सहकाऱ्यांना असे आढळले की, धरताना चढणारा देहताप प्राणी किती धावला यावर नव्हे, तर तो किती भ्याला यावर अवलंबून होता. मला हा निष्कर्ष या क्षेत्रातील अत्यंत विचारप्रवर्तक निष्कर्षांपैकी एक वाटतो, कारण त्यामुळे पाठलाग टाळला म्हणजे धोका टळला ही सोयीची समजूत ढळते.

तिसरे मत भयालाच केंद्रस्थानी आणते. भयाने उसळलेल्या ॲड्रिनॅलिनमुळे रक्तवाहिन्या आक्रसतात, स्नायू आणि हृदय उपाशी पडतात, आणि नंतर रक्त परतल्यावर दुसरी इजा होते. जपानमध्ये १९९० साली माणसांत वर्णिलेला, तीव्र मानसिक आघाताने हृदय फुगून दुबळे होण्याचा विकार याच जातीचा असावा, ही कल्पना बार्बरा नॅटरसन-होरोविट्झ यांनी २०१२ साली पुढे आणली. आणि ब्लूमस्टाइन व सहकाऱ्यांनी २०१५ साली खुरधारी प्राण्यांची तुलना करून, वेगाने धावणाऱ्या आणि मोठ्या कळपांत राहणाऱ्या जातींत हा विकार अधिक नोंदला गेल्याचे दाखविले. चितळ ही जात या वर्णनात बसते.

चौथे मत पूर्वप्रवृत्तीचे. डुकरांत व काही घोड्यांत एका जनुकदोषामुळे भूल किंवा ताण यांनी देहताप बेसुमार चढतो. सेलेनियमच्या अभावाने स्नायू आधीच कच्चे असतात. तर वन्य प्राण्यांतही असे काही नसेल कशावरून, असा त्याचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त, पुरावा विरळ.

अभ्यासकांत आता या चारही गोष्टी एकाच साखळीचे दुवे मानण्याकडे कल आहे. तरीही मतांमधला भेद केवळ तात्त्विक नाही, कारण प्रत्येक मत बचाव करणाऱ्याच्या हाती वेगळे साधन देते : पहिले सोडियम बायकार्बोनेट, दुसरे पाणी, तिसरे डोळ्यांवरची पट्टी आणि निःशब्दता, चौथे ई-सेलेनियमच्या इंजेक्शनची कुपी. हाताशी दहा मिनिटे असली की कोणते आधी उचलावे हे या मतावरच ठरते.

दोन जिल्ह्यांतील परिस्थिती

ताडोबा हे १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्पात समाविष्ट झाले. गडचिरोली हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरापासून वेगळा झालेला जिल्हा आजही राज्यातील सर्वाधिक वनाच्छादित जिल्हा आहे. दोहोंकडे रान आणि शेत यांच्यामध्ये ठळक सीमा नाही. धानाच्या बांध्यांना लागून झुडपी जंगल, जंगलाला लागून तलाव, तलावाखाली पुन्हा धान. अशा मुलखात चितळ आणि रोही गावात येतात, कठडा नसलेल्या विहिरीत पडतात, गावकुत्र्यांच्या टोळीपुढे धावत येऊन काटेरी तारेत अडकतात, रानडुकरासाठी लावलेल्या फासात सापडतात. गोसेखुर्दचे कालवे ब्रह्मपुरीच्या भागातून गेल्यापासून त्यात आणखी एक प्रकार वाढला आहे : सिमेंटच्या उतरत्या भिंतींवर खूर ठरत नाही, प्राणी पुन्हापुन्हा वर चढण्याचा प्रयत्न करतो, घसरतो, पोहतो, पुन्हा चढतो. येथे पाठलाग करणारे कोणी नसते, तरी स्नायूंवर पाठलागाइतकाच भार पडतो.

आणि या साऱ्यावर ऊन. चंद्रपूर व ब्रह्मपुरी ही दोन्ही ठिकाणे एप्रिल-मे महिन्यांत ४५ अंश सेल्सियस सहज ओलांडतात. पाणवठे आटल्याने प्राणी वस्तीकडे सरकतात तो काळ आणि त्यांना धरणे सर्वांत घातक असते तो काळ, असे हे दोन्ही काळ येथे एकत्र येतात.

विहिरीतल्या चितळाच्या सुटकेचे सामान्य चित्र कोणत्याही वनरक्षकाला तोंडपाठ आहे. सकाळी कोणीतरी पाणी शेंदायला जातो, आत धडपड ऐकू येते, तासाभरात विहिरीभोवती गाव गोळा होतो. वनपाल येईपर्यंत आत दोर, बाज, जाळे असे जे हाती लागेल ते सोडलेले असते. पोरे शिट्ट्या मारतात, मोबाइल पुढे सरसावतात, कडेची माती आत ढासळते. प्राणी वर येतो तेव्हा तोंड उघडे, जीभ बाहेर, कुशी भात्यासारख्या हलत असतात. चारी पाय एकत्र बांधून त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आडवे टाकतात. आडव्या पडलेल्या रवंथी जनावराचे पोट फुगते. ट्रॉलीचा पत्रा उन्हाने तापलेला असतो. यात कोणाचीही कसूर दाखविता येत नाही. सर्वांना तो प्राणी जगावा असेच वाटते, आणि कित्येकदा ओंजळीने पाणी पाजणाऱ्या बायाबापड्यांचे डोळे भरून येतात. परंतु वर सांगितलेल्या चारही मतांनी जी कारणे म्हणून मोजली, त्यांपैकी तीन या एका तासात पुरेपूर हजर असतात.

संस्थात्मक बाजू पूर्वीपेक्षा खूप सुधारली आहे. दोन दशकांपूर्वी तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यावर सारी भिस्त असे. आज जलद बचाव गट आहेत, चंद्रपुरात वन्यजीव उपचार केंद्र आहे, आणि १९५८ साली स्थापन झालेले नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय व गोरेवाड्याचे वन्यजीव केंद्र यांची मदत घेता येते. अंतर मात्र कोणी कमी करू शकत नाही. सिरोंच्यापासून नागपूर साडेतीनशे किलोमीटरांच्या आसपास आहे, आणि क्रिएटिन कायनेजचा चढ-उतार काही तासांचा.

प्रतिबंध, धरणे आणि उपचार

एका मुद्द्यावर जगभरच्या वन्यजीव वैद्यांत दुमत नाही : एकदा लघवी काळी झाली की उपचार बहुधा निष्फळ ठरतो. घोडा बरा होतो, कारण तो माणसाळलेला असतो. त्याला शिरेतून लिटरच्या लिटर द्रव दिवसभर देता येतो, मोतद्दाराचा हात मानेवर असता तो शांत होतो. चितळाला दिलेली प्रत्येक सुई ही नवी धरपकड असते. म्हणून घोड्याच्या बाबतीत जो भर उपचारावर, तो येथे सर्वस्वी आधीच्या मिनिटांवर द्यावा लागतो. याउपर मात्र पद्धतींविषयी मतभेद सुरू होतात.

पहिला मतभेद हात घालावा की वाट करून द्यावी याविषयीचा. एका पक्षाच्या मते कालव्यात ठराविक अंतरावर खडबडीत उतार बांधणे, विहिरींना कठडे घालणे, आणि उथळ विहिरीत झाडाची फांदी वा शिडी तिरकी सोडून गर्दी हटविणे हेच खरे व्यवस्थापन. प्राणी स्वतः बाहेर पडला तर त्याला औषधाची गरजच उरत नाही. दुसरा पक्ष म्हणतो की, थकलेला किंवा जखमी प्राणी स्वतः निघत नाही, आणि वाट पाहण्यात त्याची उरलेली शक्ती खर्ची पडते. दोहोंची उदाहरणे रोज घडतात. विहिरीची खोली, पाण्याची पातळी आणि दिवसाची वेळ पाहून निर्णय घेण्याची मुभा जागेवरच्या अधिकाऱ्याला असावी, एवढे मात्र दोघेही मान्य करतात.

दुसरा मतभेद जाळे की बाण, हा. आपल्याकडे बाणात प्रामुख्याने झायलॅझिन आणि केटामिन यांचे मिश्रण वापरतात. बाणाने प्राण्याला माणसाचा स्पर्श जाणवत नाही, परंतु औषध चढेपर्यंतची पाच-दहा मिनिटे तो धावतो, आणि झायलॅझिनमुळे देहताप आवरण्याची शक्ती मंदावते व रवंथी प्राण्याचे पोट फुगते. ४५ अंशांच्या दुपारी हे दोन्ही दोष गंभीर आहेत. जाळ्याने पकड तत्काळ होते, परंतु प्राणी पूर्ण शुद्धीत असतो. अनुभवी मंडळींचा कल असा दिसतो की, अडकलेल्या लहान प्राण्याला त्वरेने हाताने धरून डोळे झाकणे बरे, मोठ्या नर सांबराला किंवा रोह्याला बाण बरा. आणि कोणतीही पद्धत असो, काम सकाळच्या गारव्यात उरकावे, मान व छाती वर राहील अशा रीतीने प्राण्याला पालथे बसवावे, अंगावर पाणी घालावे, बोलणे बंद ठेवावे.

तिसऱ्या पद्धतीचा अनुभव शेजारच्या मध्य प्रदेशात मिळाला. कान्हातून बांधवगडला २०११ व २०१२ साली ५० गवे बाणांच्या साहाय्याने हलविण्यात आले; आणि २०१५ पासून बारशिंगे हलविताना मूळच्या आफ्रिकी ‘बोमा’ पद्धतीचा उपयोग झाला. तीत नरसाळ्याच्या आकाराचे, अपारदर्शक पडद्यांचे कुंपण रानात उभारतात, प्राण्यांना त्याची सवय होऊ देतात, आणि कळप आपसूक आत शिरल्यावर पडदे एकामागून एक बंद करीत त्याला थेट वाहनात उतरवितात. माणसाचा हात लागत नाही, माणूस दिसतही नाही. नियोजित स्थलांतरासाठी ही पद्धत श्रेष्ठ याबद्दल आता फारसा वाद नाही. पण विहिरीत पडलेल्या एकट्या चितळाला बोमाचा काय उपयोग? येथील बहुतांश प्रसंग नियोजनाचे नसून निकडीचे असतात, आणि त्या प्रसंगांविषयीचे शास्त्र त्यामानाने फार कमी लिहिले गेले आहे.

तिसरा मतभेद सोडण्याच्या वेळेचा. जखम नसेल तर तेथल्या तेथे, सावलीत, झाडीच्या दिशेने तोंड करून सोडावे, असे बहुसंख्यांचे मत आहे. केंद्रात नेऊन दोन दिवस निरीक्षणाखाली ठेवावे, असे अल्पसंख्यांचे. स्प्रेकर यांचे चौथे रूप लक्षात घेतले तर दोन्ही मार्गांत धोका दिसतो. लगेच सोडलेला प्राणी दृष्टीआड मरू शकतो. ठेवलेला प्राणी सोडण्याच्या दिवशी पुन्हा दचकतो. ठेवायचेच झाल्यास अंधारी, पोत्यांनी झाकलेली, शहरी गोंगाटापासून दूर अशी खोली आणि कित्येक दिवस परिणाम टिकणारी शामके यांचा आफ्रिकेत पायंडा पडला आहे. आपल्या हरिणांत त्यांच्या मात्रेचा अनुभव अजून तुटपुंजा आहे.

बायकार्बोनेट, ई-सेलेनियम, स्टेरॉइड यांची स्थिती याहून संदिग्ध. हार्थूर्न यांच्या झेब्र्यांनी बायकार्बोनेटला बळ दिले, घोड्यांच्या अनुभवाने ते काढून घेतले. रक्ताची आम्लता मोजल्यावाचून ते देऊ नये असे सावध वैद्य म्हणतात, आणि रानात ती मोजणारे यंत्र क्वचितच हाताशी असते.

अनिर्णित बाबी

चितळ, सांबर व रोही यांच्या रक्तातील क्रिएटिन कायनेजचे स्वाभाविक मान काय, हा पहिला प्रश्न. धरलेल्या प्राण्याचेच रक्त घेता येते आणि धरण्यानेच हे मान चढते, म्हणून शुद्ध आकडा मिळविणे जात्याच कठीण आहे. घोड्याचे मान उसने घेणे हा सोयीचा पर्याय असला, तरी भित्र्या रवंथी जातीला तो कितपत लागू पडेल याची शहानिशा व्हावयाची आहे.

दुसरी बाब मृत्यूच्या नोंदीची. काही तासांत मेलेल्या प्राण्याच्या स्नायूंत उघड्या डोळ्यांना दिसेल असा फरक झालेला नसतो. त्यासाठी मांडीच्या, खांद्याच्या व हृदयाच्या स्नायूंचे तुकडे फॉर्मेलिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात. मे महिन्याच्या उष्म्यात प्रेत लवकर कुजते. अशा वेळी पंचनाम्यात ‘धक्क्याने मृत्यू’ किंवा ‘हृदयक्रिया बंद’ एवढेच लिहिले गेल्यास ते असत्य नसते, परंतु उष्माघात, कुत्र्यांचा चावा आणि स्नायुविकार या तिन्ही कारणांचे मृत्यू त्या एका मजकुराखाली एकत्र होतात. विहिरीत सापडल्याची वेळ, बाहेर काढल्याची वेळ, हवेचे आणि गुदद्वाराचे तापमान, लघवीचा रंग, एवढे पाच तपशील प्रत्येक पंचनाम्यास जोडले गेले, तर प्रयोगशाळेवाचूनही या दोन जिल्ह्यांच्या दप्तरांतून काही वर्षांत मोलाची माहिती उभी राहू शकेल असे मला वाटते. थर्मामीटर आणि घड्याळ यांपलीकडे त्यास काही लागत नाही.

तिसरी बाब सोडलेल्या प्राण्यांची. वाघाला रेडिओ गळपट्टा घालून महिनोन्‌महिने त्याचा माग काढला जातो. विहिरीतून सोडविलेल्या चितळाच्या मागावर कोणी जात नाही. सबब यशस्वी बचाव म्हणून नोंदल्या गेलेल्या प्रसंगांपैकी किती प्राणी आठवड्यानंतर जिवंत होते, हा आकडा उपलब्ध नाही, आणि तो नसल्यामुळे जाळे की बाण, सोडावे की ठेवावे, हे वर मांडलेले सारे वाद अनुभवाच्या कथनावर चालतात.

चौथी बाब या दोन जिल्ह्यांपुरती विशेष निकडीची आहे. गडचिरोलीच्या दक्षिणेस कोलामार्काच्या रानात रानम्हशींचा एक अत्यल्प कळप टिकून आहे. अशा कळपातील एखादा प्राणी आजारी पडला, फासात सापडला, किंवा पुढेमागे संवर्धनासाठी काही रानम्हशी हलविण्याची मसलत निघाली, तर धरताना एक मादी गमावणे म्हणजे कळपाच्या भवितव्याचा मोठा हिस्सा गमावणे होय. या जड, काळ्या कातडीच्या, चिखलपाण्यावाचून उष्मा न साहणाऱ्या प्राण्याला कोणत्या महिन्यात, कोणत्या औषधाने आणि किती पाण्याच्या सान्निध्यात धरावे, याविषयी चितळाचा अनुभव अपुरा आहे आणि घोड्याचा त्याहून अपुरा. गव्यांच्या स्थलांतराचा अनुभव त्यातल्या त्यात जवळचा, पण तो हिवाळ्याच्या सुमाराचा आणि निराळ्या प्राण्याचा आहे.